नळाच्या वरच्या अंगाला पंढरपूर

सोलापूरकराशी पंढरपूरचा विषय काढा, देवाच्या आधी पाण्यावर येईल. शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी. हे 'आड' आणखी वाढायला लागलं की पेपरात ठरलेली बातमी येते : उजनीतून भीमेत पाणी सोडलं. ते पाणी धरणातून निघतं, पंढरपूरला वळसा घालतं, मंगळवेढ्याच्या कडेनं खाली उतरतं आणि दक्षिण सोलापुरात औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत साठतं. त्या साठ्यावर टाकळीचे पंप चालतात, मग आमच्या टाक्या भरतात. म्हणजे पंढरपुरात ज्या पाण्याला लोक चंद्रभागा म्हणून डोळे मिटून डोक्याला लावतात, तेच पाणी आठवडा-दहा दिवसांनी सोलापुरात तुरटी आणि क्लोरीन होऊन हंड्यात पडतं. मधल्या पट्ट्यात त्याच्यावर उसाचीही नजर असतेच. उन्हाळ्यात शहरासाठी पाणी सुटलं की नदीकाठच्या शेतीपंपांची वीज तोडतात, ती उगाच नाही.

पंढरपूरचं माहात्म्य सांगणारे लेख पुष्कळ आहेत. पण हे गाव चालतं कशावर, असं विचारलं तर माझं उत्तर एका शब्दात आहे : पाळी. पाण्याची पाळी, गर्दीची पाळी, पूजेची पाळी. जे काही येतं ते सोडलं की येतं, आणि सोडणारा बहुतेक वेळा गावाबाहेरचा असतो.

आधी पाणी. भीमा निघते भीमाशंकरला. तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते, पुढं पुण्याचं सगळं पोटात घेऊन मुळा-मुठा येते, आणि हे सगळं उजनीत थांबतं. देहू आणि आळंदी दोन्ही इंद्रायणीकाठची. म्हणजे तुकोबांची आणि माउलींची पालखी रस्त्यानं येते आणि त्यांच्या गावचं पाणी नदीनं येतं, दोघांचा मुक्काम पंढरपूर. ऐकायला गोड आहे. पण आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना ज्यानं पाहिलाय, त्याला या योगायोगाचं फार कौतुक वाटणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी उजनीच्या फुगवट्यात मुरतं, जलपर्णी माजते, उन्हाळ्यात पाण्याला हिरवी झाक येते. २०१६ साली राज्य सरकारनं 'नमामि चंद्रभागा' जाहीर केलं. नाव चंद्रभागेचं असलं तरी दुखणं दीड-दोनशे किलोमीटर वर आहे. घाट कितीही धुवा, वरून येणारं तेच येणार.

उजनीचा हिशेबही जरा चमत्कारिक आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), पण त्यातला साधारण ६३ टीएमसी मृतसाठा. वापरायचं म्हणून धरलेलं पाणी साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास. शंभर टक्के म्हणतात ते या वरच्या भागाचे. तो संपला की आकडा वजात जातो आणि 'उजनी मायनसमध्ये गेली' अशी हाकाटी होते. बाहेरच्या माणसाला कळत नाही की वजा तीस टक्के म्हणजे काय. पाणी असतं, तळाचं असतं. बहुतेक वर्षी आषाढी नेमकी याच दिवसांत येते. मृग कोरडा गेला, आर्द्रा रेंगाळली, पुण्याकडचा पाऊस अजून धरणापर्यंत पोहोचलेला नाही, आणि तिकडं लाखो माणसं स्नानासाठी निघालेली. मग तळातून पाणी सोडायचं.

हे सोडणंही नुसतं दार उचलण्याइतकं सोपं नाही. पंढरपूरच्या वरच्या अंगाला गुरसाळ्याचा बंधारा, खालच्या अंगाला विष्णुपदाजवळचा. हे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत एकावर एक बसवलेले बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या. पूर्वी लाकडी बर्ग्यांच्या दोन रांगा उभ्या करून मधल्या फटीत माती ठासत, आता लोखंडी बर्ग्यांना रबरी पट्टी लावतात. पावसाळा सरला की साधारण ऑक्टोबरच्या मध्याला बर्गे घालायचे, मे संपेपर्यंत काढायचे. बिघडतं ते इथंच. रबर खाल्लेलं असलं की बंधारा रात्रंदिवस पाझरतो. बर्गे चोरीला जातात, कारण लोखंड भंगारात विकलं जातं. वेळेवर काढले नाहीत तर पहिल्याच लोंढ्यात वाहून आलेली झाडंझुडपं अडकतात आणि पाणी बाजूनं काठ फोडतं. आणि वारीच्या तोंडावर खालचे बर्गे बंद ठेवले तर घाटाशी पाणी भरपूर दिसतं खरं, पण ते तुंबलेलं असतं. दोन दिवसांत त्याला वास सुटतो. वरून थोडं येत राहावं आणि खालून थोडं जात राहावं, गुडघा ते कंबर एवढं वाहतं पाणी असावं, हे साधणं म्हणजे कसब आहे.

पाणी जास्त झालं तर वाळवंट, म्हणजे पात्रातली वाळूची जागा, आक्रसतं आणि माणसं घाटाच्या पायऱ्यांवर दाटतात. कमी झालं तर चिखलात बुडी मारावी लागते. त्यात वाळूउपशानं पात्रात खड्डे पाडलेत. वाळू असते तेव्हा तळ सपाट असतो, पाणी गाळून निघतं. वाळू गेली की खाली काळा गाळ उरतो, आणि गुडघाभर पाण्यातून चाललेला माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो. दर वारीला बुडाल्याच्या बातम्या येतात त्या पुरामुळं कमी, या खड्ड्यांमुळं जास्त. स्नानाला जाणाऱ्यानं दोर बांधलेल्या आणि होड्या उभ्या असलेल्या भागातच उतरावं. एकटं बाजूला, मोकळं दिसतं म्हणून जाऊ नये. ते मोकळं असतं त्याला कारण असतं.

पुराची गोष्ट वेगळी. अनेकांना वाटतं उजनीची दारं आवरली की पंढरपूर वाचलं. तसं नाही. नीरा भीमेला मिळते ती नरसिंहपूरला, उजनीच्या खाली. म्हणून पंढरपूरकर उजनीबरोबर नीरेवरच्या वीर धरणाचाही विसर्ग विचारतात. पाणी चढायला लागलं की वाळवंटातलं पुंडलिकाचं देऊळ आधी वेढलं जातं, मग जुना दगडी पूल पाण्याखाली जातो, मग व्यासनारायण झोपडपट्टी आणि अंबिकानगरातली बिऱ्हाडं हलवावी लागतात. १४ ऑक्टोबर २०२० ला असाच पाऊस झाला आणि कुंभार घाटाजवळ नव्या घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. अहिल्याबाईंच्या आणि शिंद्यांच्या काळातलं दगडी काम अजून उभं आहे, हे इथं कुणी मुद्दाम सांगावं लागत नाही.

नदी गावाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. गाव उजव्या काठावर, देवळाचं महाद्वार पूर्वेला, नदीकडं तोंड करून. आज शहर पश्चिमेला स्टेशनच्या अंगानं वाढलंय, त्यामुळं नवखा माणूस देवळाच्या पाठीमागून येतो आणि त्याला रचनाच समजत नाही. ती समजून घ्यायची तर नदीकडून यावं : वाळवंट, पुंडलिक, महाद्वार घाट, चढती गल्ली, चोखोबांची समाधी, नामदेव पायरी.

या गावाचा लेखी पुरावा जुना आहे. १२३७ सालच्या शिलालेखात होयसळ राजा सोमेश्वरानं इथल्या देवासाठी गाव दिल्याची नोंद आहे. त्यात गावाचं नाव पंडरगे, नदीचं भीमरथी. देवळातला चौऱ्यांशीचा लेख यादवांच्या काळातला. १२७३ पासून पुढं चार वर्षं देवळाच्या कामासाठी कुणी काय दिलं त्याची ती यादी, यादव राजा रामचंद्रदेव आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांच्यासकट. थोडक्यात, वर्गणीचा फलक. लोकांनी मात्र त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो असं ठरवलं, आणि पाठी घासून घासून अक्षरं गुळगुळीत केली. देणगीदारांच्या नावांचं पुढं काय होतं याचा इतका चांगला नमुना दुसरीकडं मिळायचा नाही.

कानडी राजानं गाव द्यावं आणि यादवांनी देऊळ वाढवावं, यात सोलापूरकराला नवल नाही. आमच्या पेठांत मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच कट्ट्यावर चालतात. आजही एकादशीला विजापूर, कलबुर्गीकडून माणूस लोटतो आणि महाद्वारातला बुक्केवाला बेधडक कानडीत भाव सांगतो. कन्नड संतकवी पुरंदरदासांची मुद्रिका, म्हणजे पदाच्या शेवटी येणारी नाममुद्राच, 'पुरंदर विठ्ठल' होती. मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी परत आणली, ही परंपरा वारकऱ्यांना पाठ असते. पुढं औरंगजेब १६९५ पासून चार वर्षं मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला तळ देऊन होता, पंढरपूरपासून फार लांब नाही. आणि १८१५ च्या जुलैत, ऐन आषाढाच्या गर्दीत, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा इथं खून झाला. त्या एका रात्रीनं पेशवाईचा शेवट जवळ आणला. गर्दी ही पंढरपुरात भक्तीची असते तशीच लपायची जागाही असते.

आता गर्दीची पाळी. इथं एक साधं गणित मांडून बघा. पदस्पर्श दर्शन म्हणजे देवाच्या पायावर डोकं टेकवायचं. माणूस वाकतो, टेकतो, उठतो. सेवेकऱ्यानं कितीही लगबग केली, तरी दोन सेकंदाला एक यापेक्षा वेग जात नाही. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे चोवीस तासांत ४३,२०० माणसं, तेही एक क्षण खंड न पडता. आषाढीला येतात दहा लाखांवर. यातून दोन गोष्टी निघतात. एक, दर्शनबारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाणारच, त्यात व्यवस्थेचा दोष कमी आणि भागाकाराचा जास्त. दुसरी, मधूनच ओळखीनं घुसवलेला प्रत्येक माणूस मागच्या सगळ्यांचे दोन सेकंद खातो. पंधरा-वीस तास उभा असलेला शेतकरी तोंडानं काही बोलत नाही, पण हा हिशेब त्याला पक्का ठाऊक असतो.

म्हणूनच जुना वारकरी एकादशीला पायाचा हट्ट धरत नाही. तो चंद्रभागेत बुडी मारतो, पुंडलिकाला भेटतो, नामदेव पायरीवर डोकं ठेवतो, कळस पाहतो आणि नगरप्रदक्षिणा करून फडावर कीर्तनाला बसतो. वारी झाली असं म्हणायला त्याला एवढं पुरतं. ज्याला पायच धरायचे असतील त्यानं वारी सोडून मधल्या एखाद्या साध्या मंगळवारी, भल्या पहाटे यावं.

या दिवसांत देवाचीही झोप मोडते. आषाढीच्या आधी शेजघरातला पलंग काढतात, पाठीला लोड देतात आणि दर्शन रात्रंदिवस उघडं राहतं. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा. त्या दिवशी मूर्तीला लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्यानं न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग पलंग पुन्हा येतो. लाखोंच्या स्पर्शानं पायांची झीज होते ती वेगळीच. तिच्यासाठी पुरातत्त्व खात्याकडून अधूनमधून वज्रलेप, म्हणजे झीज भरणारा लेप, होतो. २०२४ मध्ये जीर्णोद्धाराच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श बंदच होता, तेव्हा पेठेचा धंदा किती बसला ते दुकानदारांना विचारावं.

पूजेच्या पाळीवर फार काळ भांडण झालं. विठ्ठलाकडं बडवे, रुक्मिणीकडं उत्पात, शिवाय पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे असे सात सेवाधारी. कुणी आंघोळ घालायची, कुणी आरसा दाखवायचा, कुणी मशाल धरायची, सगळं वाटून घेतलेलं. वाळवंटातला पुंडलिक मात्र महादेव कोळ्यांकडं, नदीत होड्याही त्यांच्याच. बडव्यांत उत्पन्नाच्या दिवसांचा लिलाव होई, आणि लिलावात पैसा घातलेला माणूस भाविकाकडून तो वसूल करणार हे उघड होतं. १९७३ साली सरकारनं कायदा केला. तो कोर्टकचेऱ्यांतून फिरत फिरत जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला आणि वंशपरंपरा संपली. त्याआधी मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, तेव्हा कुठं अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना दार उघडलं. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली दबून गेले ते १३३८ साली. सहाशे वर्षं त्यांची समाधी पायरीच्या पुढ्यात आणि त्यांचे लोक दाराबाहेर.

आणखी एक गोष्ट पंढरपूरच्या माहितीपत्रकांत सहसा नसते. यात्रेच्या गर्दीत फसवलेल्या, टाकून दिलेल्या विधवांना पोर झालं की ते नदीत जाई. १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी इथं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, प्रार्थना समाजानं ते चालवलं. ज्या नदीत पाप धुवायला लोक येतात, त्या नदीवरच ते काढावं लागलं.

गावाची कमाई म्हणाल तर चार वाऱ्या : चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. आषाढी मोठी, कार्तिकी तिच्या खालोखाल आणि सोबत वाखरीला जनावरांचा बाजार. माणदेशी खिल्लार, तलवारीसारखी लांब शिंगं पाठीवर टाकलेली पंढरपुरी म्हैस. या म्हशीला दाराशी नेऊन गिऱ्हाइकाच्या भांड्यात धार काढून देता येते, इतकी ती गरीब, म्हणून कोल्हापूरकरांची लाडकी. २०२० साली पालख्या एसटीनं आल्या, वारी भरलीच नाही, आणि गावाला कळलं की वर्षाचा संसार किती थोड्या दिवसांवर टांगलाय. वारीत घरमालक एका खोलीत दाटीवाटीनं राहतात आणि बाकीच्या खोल्या दिंडीला देतात. नदीपात्रातल्या राहुट्यांवर मुंबई उच्च न्यायालयानं बंधनं आणल्यापासून पैलतीरावरच्या ६५ एकरांत दिंड्या उतरतात. घाण कमी झाली हे खरंच, पण महाद्वारातल्या छोट्या दुकानदाराचं गिऱ्हाईकही पूल ओलांडून गेलं.

मालाचं म्हणाल तर प्रत्येकाच्या मागं एक कारागिरी आहे. फुटाण्याच्या डाळीला सगळा महाराष्ट्र पंढरपुरी डाळं म्हणतो. हरभरा आधी गरम वाळूत शेकायचा, पाण्याचा हबका मारून ढीग घालून झाकून ठेवायचा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी जाते. मग कडक वाळूत दुसरी भाजणी आणि लगेच रगडून साल काढायची. ढिगाला वेळ दिला नाही तर दाणा बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो आणि चटणीत कचकचतो. खरं कुंकू हळकुंडाचंच : लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटीत मुरवायचं, सावलीत वाळवायचं, दळायचं. पिवळ्याचं लाल होतं ते या खारानं आणि आंबटानं. आज पेठेत ढिगानं दिसतं ते बहुतेक पिठीत रंग मिसळलेलं, कपाळ खाजवणारं. तुळशीच्या माळा काशीकापडी समाजाची घरं करतात. वाळलेल्या काडीचे मणी, दोऱ्यात १०८. मणी अगदी एकसारखे, तुकतुकीत असले तर समजावं, लाकूड तुळशीचं नाही.

आषाढात सगळ्यात जास्त कामात असतो तो पखवाज दुरुस्त करणारा. पाऊस लागला की पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, ओल धरते आणि ढिली पडते, मधल्या काळ्या शाईचा आवाज बसतो. तो गठ्ठे ठोकून वाद्या ताणतो, दुसऱ्या हातानं डाव्या तोंडावरची कणीक खरवडून नवी थापतो. ओली कणीक जास्त झाली तर धुम (डावं तोंड) बोदा होतो, कमी झाली तर टणटणतो. मृदंग्या शेजारी उभा राहून एक थाप मारतो, मान हलवतो, पुन्हा अर्ध्या सुपारीएवढी कणीक. दिंडी तोवर चौकात खोळंबलेली.

हे सगळं पाण्याशी पुन्हा जोडायचं कारण आता आलंय. सोलापूरसाठी उजनीपासून १७० एमएलडीची समांतर जलवाहिनी टाकली गेली. शहराच्या दृष्टीनं ती हवीच होती. गणित पाहा : १७ कोटी लिटर रोज, म्हणजे वर्षाचं साधारण सव्वादोन टीएमसी. उलट नदीतून औज-चिंचपूर भरायचे तर एकाच पाळीला पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं. बाकीचं कोरडं पात्र पितं, ऊन पितं, मोटारी पितात. पाटबंधारेवाल्यांच्या लेखी ती निव्वळ नासाडी. पण याच नासाडीवर माघ ते वैशाखात चंद्रभागा वाहती दिसत होती. पंढरपूरच्या विहिरी, मंगळवेढ्याचे काठ, माघीचं आणि चैत्रीचं स्नान, सगळं सोलापूरच्या तहानेच्या नावावर फुकटात भागत होतं.

आषाढीला पाणी सुटेलच, त्या पहाटे मुख्यमंत्री महापूजेला येतात. कार्तिकीला पावसाळा नुकता सरलेला असतो. अडचण माघी आणि चैत्रीची. पाणी कुणाला, कधी सोडायचं ते ठरतं त्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ऊस बोलतो, डाळिंब बोलतं, शहरं बोलतात. उद्या सोलापूरनं 'आम्हाला नदीतून नको' म्हटलं, तर या दोन वाऱ्यांसाठी किती टीएमसी, कोणत्या तारखेला आणि विष्णुपदाचे बर्गे किती उघडून, हे पंढरपूरकरांना त्या बैठकीत आकड्यानिशी मागावं लागेल.